पूर्णवेळ ग्राहक कार्यकर्ता व्हायचंय? आधी तारखा लावायला शिका

मानेवाड्याच्या एका २६ वर्षांच्या मुलीने विचारलंय. तिच्या घरच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर वर्षभरात दोनदा गेला. दुकानदार कंपनीकडे आणि कंपनी दुकानदाराकडे बोट दाखवत राहिली. शेवटी तिने वकील न लावता नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात स्वतः तक्रार लिहिली आणि तिला पैसे व्याजासह परत मिळाले. आता तिला हेच काम करायचंय. ती विचारते: याला करिअर म्हणता येईल का? पोट भरतं का? एलएलबी करावी लागेल का? आणि ज्यांनी यात आयुष्य काढलं, त्यांचे दिवस नेमके कशात जातात?

पोटाचं आधी सांगते, कारण तिथेच बहुतेकांचा गैरसमज असतो. या कामाला पगार नाही. मी ३१ वर्षं पोस्टात नोकरी केली, त्यातली बरीचशी काउंटरवर. ग्राहकांचं काम सगळं संध्याकाळी आणि रविवारी. निवृत्तीनंतर ते दिवसभराचं झालं, पण चूल आजही पेन्शनवरच पेटते. मी ज्या ग्राहक संस्थेत काम करते, तिच्याकडून मिळतो तो झेरॉक्सचा आणि बसचा खर्च. वकील नसलेल्या माणसाला ग्राहकाच्या वतीने आयोगापुढे उभं राहता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केलं. त्यानंतर २०१४ मध्ये आलेल्या विनियमांनी त्याला अट घातली: असा प्रतिनिधी त्या उभं राहण्याबद्दल कसलाही मोबदला घेणार नाही आणि तसं लेखी देईल. ही अट मला पटते. "मिळालेल्या रकमेत दहा टक्के" असा हिशेब करणारी माणसं मी या शहरात पाहिली आहेत. त्यांच्याकडे आलेल्या ग्राहकाची एकदा दुकानदाराकडून फसवणूक झालेली असते, दुसऱ्यांदा यांच्याकडून होते.

तेव्हा पोटापाण्याचं काहीतरी वेगळं धरा. वकील व्हायचं असेल तर जरूर व्हा, रीतसर फी घ्या, त्यात गैर काही नाही. मात्र ती वकिली झाली. तुम्ही विचारताय ते काम वेगळं आहे.

माझी सुरुवात गॅसच्या सिलिंडरने झाली, १९८९ साली. आम्ही तेव्हा नंदनवनात भाड्याने राहत होतो. महिन्याला पुरणारा सिलिंडर तेविसाव्या, चोविसाव्या दिवशी संपायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "तू आच मोठी ठेवतेस." मला ते फार लागलं. नवा सिलिंडर आला त्या दिवशी नवऱ्याने तो सायकलच्या कॅरिअरला सुतळीने बांधला, पोस्टमास्तरांची परवानगी घेतली आणि आम्ही तो पार्सलच्या काट्यावर ठेवला. सिलिंडरच्या कड्यावर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं, आमच्यावर १५.९ किलो होतं. आत गॅस १४.२ किलो हवा, म्हणजे काटा ३०.१ वर थांबायला हवा होता. तो २७.८ वर थांबला. मी रोज शेकडो पार्सलं जोखायची, पण स्वतःच्या घरातली वस्तू कधी जोखून पाहिली नव्हती.

वितरकाने तो सिलिंडर निमूटपणे बदलून दिला. तिथेच थांबता आलं असतं. पण त्याच गाडीवरून आमच्या गल्लीत आणखी अकरा सिलिंडर उतरले होते. एका ओळखीच्या कबाडीवाल्याकडून मोठा ताणकाटा आणला, शेजारच्या अंगणातल्या पेरूच्या फांदीला टांगला आणि बायाबायांनी मिळून अकराही सिलिंडर जोखले. सात कमी भरले. मी वहीत सात ओळी लिहिल्या: नाव, पावती क्रमांक, तारीख, कड्यावरचं वजन, काट्यावरचं वजन. खाली सातही जणींच्या सह्या घेतल्या, एकीचा अंगठा. तो कागद वजने मापे खात्यात दिला, ज्याला आता वैधमापन शास्त्र म्हणतात. निरीक्षक स्वतः आले, गोदाम तपासलं, कारवाई झाली. त्याआधी यातल्या चौघींनी वितरकाकडे तोंडी तक्रार केली होती. त्याचा कुठेच काही मागमूस नव्हता.

आपल्याकडे या चळवळीची मुळं जुनी आहेत, ती माहीत असू द्या. मुंबईत १९६६ साली काही गृहिणींनी एकत्र येऊन कन्झ्युमर गायडन्स सोसायटी सुरू केली. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ची. हे सगळं ग्राहक संरक्षण कायदा यायच्या आधीचं. कायद्यावर राष्ट्रपतींची सही २४ डिसेंबर १९८६ला झाली, म्हणून तो दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन पाळतो. त्याआधी लोकांच्या हातात भाव विचारणं, एकत्र खरेदी करणं आणि वजन करून पाहणं एवढीच हत्यारं होती, आणि त्यांनी ती चांगली चालवली.

आता दिवस कसे जातात ते सांगते. ऐकण्यात जातात. माणूस येतो तेव्हा तो गोष्ट शेवटाकडून सांगतो. आधी अपमान येतो: "मॅडम, त्यानं मले उभंही केलं नाही." मग संताप, मग कुणाचा कोण ओळखीचा आहे ते. पैसे कधी दिले, किती दिले, कशाने दिले, पावती कुठे आहे, हे अर्ध्या तासाने बाहेर येतं. नवे कार्यकर्ते इथे घाई करतात, मध्येच कलम सांगायला लागतात. तसं करू नका. पहिली वीस मिनिटं नुसतं ऐका, पेनही उचलू नका. मग कोरा कागद घ्या, उभी रेघ मारा, डावीकडे तारखा, उजवीकडे काय झालं ते. आम्ही त्याला "तारखांचा कागद" म्हणतो. प्रत्येक ओळीसमोर एकच प्रश्न: याला पुरावा काय? बिल, पावती, बँकेची नोंद, व्हॉट्सॲपचा निरोप, शेजाऱ्याचं शपथपत्र, काहीही चालेल. ज्या ओळीसमोर काहीच नसेल तिथे पेन्सिलीने गोल करायचा. तो गोल कसा भरायचा हेच पुढचं सगळं काम.

एक प्रकरण नीट सांगते, म्हणजे कळेल.

टिमकीच्या एक मावशी होत्या. नवरा हातमागावर बसायचा, माग बंद पडल्यावर हमाली करायचा. मावशी घरोघरी पोळ्या लाटायच्या. त्यांनी २००३ साली उमरेड रोडकडे एका लेआउटमध्ये १,२०० फुटांचा प्लॉट बुक केला. किंमत ७२,०००. १२,००० बयाणा आणि हजाराच्या साठ किस्ती. दर महिन्याला एजंट घरी यायचा, किस्त घ्यायचा, पुस्तकात जांभळा शिक्का मारायचा आणि सही करायचा. नागपुरात अशी किस्तीची पुस्तकं हजारो घरांत लोखंडी पेटीच्या तळाशी पडलेली आहेत. डिसेंबर २००७ मध्ये किस्ती संपल्या. मग सुरू झालं "विक्रीपत्र पुढच्या महिन्यात लावू". जमीन अकृषक झाली नव्हती, म्हणजे शेतजमिनीवर घरं बांधायची परवानगीच नव्हती. मावशींचा प्लॉट नंबर दुसऱ्याही एकाला दिलेला होता. त्या माझ्याकडे आल्या २०११ मध्ये, पुस्तक प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून.

साठ ओळी होत्या. सत्तावन्न ओळींवर शिक्का आणि सही. तीन ओळींवर नुसती सही, शिक्का नाही. प्लॉटवाल्याने आमच्या नोटिशीला उत्तर दिलं की तीन किस्ती मिळालेल्याच नाहीत, करार मोडला आहे, बयाणा जप्त. त्याचा सगळा बचाव या तीन ओळींवर उभा होता.

मी मावशींना विचारलं, हे तीन महिने आठवतात का? त्यांना तारखा आठवत नव्हत्या, दिवस आठवत होते. एका किस्तीच्या वेळी म्हणाल्या, "त्या दिवशी मारबत होती. एजंट पोरगा सांच्याले आला. म्हणे इतवारीतून गाडीच निघून नाही राहिली, शिक्का हापिसातच राहिला." पुस्तकातली ती ओळ सप्टेंबर २००५ची होती. मी जुनं कॅलेंडर काढलं. पोळ्याचा दुसरा दिवस, बरोबर तीच तारीख. मारबतीच्या मिरवणुकीत इतवारी, महाल भागातली वाहतूक थांबते हे नागपुरातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. दुसरी किस्त जावयाच्या समोर दिली होती, त्याचं शपथपत्र केलं. तिसरीला काहीच नव्हतं. पण त्या तिन्ही ओळींवरची सही बाकीच्या सत्तावन्न ओळींवरच्या सहीसारखीच होती, आणि तिसऱ्या ओळीनंतरच्या किस्ती कसलीही तक्रार न करता घेतल्या गेल्या होत्या. हे आम्ही तक्रारीत साध्या शब्दांत मांडलं.

युक्तिवादाच्या दिवशी मला बोलायची परवानगी होती. मी मावशींनाच पुढे केलं. त्या घाबरल्या होत्या, पदर बोटाला गुंडाळत होत्या. समोरचे वकील तीन किस्तींवर बरंच बोलले. मग अध्यक्षांनी मावशींना विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय? त्या म्हणाल्या, "साहेब, पुस्तक त्याईचं, शिक्का त्याईचा, सही त्याईच्या माणसाची. माह्ये फक्त पैसे." मी कितीही तयारी केली असती तरी ते वाक्य मला सुचलं नसतं. तक्रार ज्याची, त्याने ती आपल्या तोंडाने सांगितली पाहिजे, या मतावर मी तेव्हापासून ठाम आहे. आपण त्यांच्या शेजारी उभं राहायचं, पुढे नाही.

निकाल २०१२ मध्ये लागला: त्याच लेआउटमध्ये तेवढाच प्लॉट नावावर करून द्या, नाहीतर ७२,००० रुपये जानेवारी २००८ पासून १२ टक्के व्याजाने परत करा, त्रासापोटी दहा हजार आणि खर्चाचे तीन हजार. लोक इथे पेढे वाटतात. मी मावशींना सांगितलं, अजून वाटू नका. समोरचा अपिलात गेला, तिथे हरला, मग नुसता बसून राहिला. आदेश म्हणजे पैसे नव्हेत. आदेश पाळला नाही तर जुन्या कायद्यात कलम २७ खाली अर्ज करावा लागे. २०१९च्या नव्या कायद्यात कलम ७१ खाली वसुली आणि कलम ७२ खाली शिक्षा आहे: एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५,००० ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. त्या अर्जावरही तारखांवर तारखा पडल्या. शेवटी वॉरंट निघालं, तेव्हा माणूस डिमांड ड्राफ्ट घेऊन हजर झाला. तोवर २०१५ उजाडलं होतं. मावशींच्या हाती दीड लाखाच्या आतबाहेर रक्कम आली. तेवढ्यात त्या भागात तोवर प्लॉटचा कोपराही मिळत नव्हता. त्या जिंकल्या, पण त्यांचं घर झालं नाही. या कामात यायचं असेल तर ही दोन्ही वाक्यं एकत्र सोसायची तयारी हवी.

म्हणून नागपुरात प्लॉट घेणाऱ्या प्रत्येकाला मी पैसे देण्याआधीच अडवते. अकृषक आदेश पाहिला का? मंजूर नकाशा पाहिला का? सातबारा किंवा आखीव पत्रिका (शहरातल्या जमिनीचा मालकीचा उतारा) कुणाच्या नावावर आहे? नागपूर सुधार प्रन्यासचं आरएल पत्र, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र, आहे म्हणतात, तर त्यावरचा प्लॉट नंबर आणि बयाणापत्रातला नंबर एकच आहे का? विकणारा मालक आहे की आममुखत्यार? ५७२ आणि १९०० या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या अनधिकृत लेआउटचा घोळ या शहराने इतकी वर्षं सोसला आहे, तरी लोक अजून फ्लेक्सवरचा हिरवा नकाशा पाहून बयाणा देतात. यात एक कायद्याचीही बाब आहे. नुसता जमिनीचा तुकडा विकला तर ती सेवा ठरत नाही. रस्ते, नाल्या, वीज, मंजुरी अशा सोयी देण्याचं कबूल करून लेआउट विकला तर ती सेवा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली म्हटलं. त्यामुळे जाहिरातीचा कागद फेकू नका. कधीकधी तोच सर्वांत मोठा पुरावा असतो.

आता माझ्या हातून बिघडलेलं एक प्रकरण. हे सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होणार नाही.

सक्करदऱ्याचे एक शिंपी होते. शॉर्टसर्किटने दुकान जळालं, चार मशिनी गेल्या. विमा होता. विमा कंपनीने मार्च १९९८ मध्ये पत्र पाठवून दावा नाकारला. ते माझ्याकडे आले. मी कंपनीला पत्र लिहिलं, मग स्मरणपत्र, मग वरच्या कार्यालयाला. सगळं रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह, अगदी व्यवस्थित. कंपनी दर वेळी "आपले पत्र मिळाले, विचाराधीन आहे" असं कळवायची. मला वाटलं, उत्तरं येतायत म्हणजे दार उघडं आहे. तक्रार दाखल केली जून २००० मध्ये. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची, आणि ती दावा नाकारल्याच्या पत्रापासून मोजली जाते. आपण पाठवलेल्या पत्रांनी ती वाढत नाही. उशीर माफ करण्याचा अर्ज केला, तो फेटाळला गेला. तक्रार गुणदोषांवर ऐकलीच गेली नाही. त्या माणसाची बाजू खरी होती आणि ती माझ्यामुळे बुडाली. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. पुढे ते दुसऱ्याच्या दुकानात मजुरीने शिवायला बसले. आमच्या संस्थेत तेव्हापासून प्रत्येक फाइलच्या पाठीवर लाल पेनाने मुदतीची शेवटची तारीख लिहितात. तो नियम मी घातला, आणि तो का घातला हे मी प्रत्येक नव्या कार्यकर्त्याला सांगते.

याला अपवाद आहे. बिल्डरने भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला परवानगी देणारा दाखला, मिळवलंच नसेल, तर ते मिळेपर्यंत तक्रारीचं कारण चालू राहतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये मान्य केलं. पण अपवादावर विसंबू नका. लाल पेनाची तारीखच खरी माना.

दवाखान्यांची प्रकरणं सर्वांत जड. धंतोली आणि रामदासपेठेत विदर्भातूनच नव्हे, बालाघाट, छिंदवाड्याकडूनही माणसं येतात, शेत गहाण टाकून येतात. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा या कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९५ मध्ये ठरवलं. जिथे सगळ्यांवर मोफतच उपचार होतात तिथली सेवा येत नाही. असं कुणी आलं की मी आधी एकच करायला सांगते: उपचाराची सगळी कागदपत्रं लेखी मागा. मागितल्यापासून ७२ तासांत ती देणं डॉक्टरांना बंधनकारक आहे. मग ती आमच्या ओळखीच्या, त्या दवाखान्याशी संबंध नसलेल्या डॉक्टरांना दाखवतो.

भंडाऱ्याकडचे एक वडील आले होते. एकोणीस वर्षांचा मुलगा डेंग्यूने गेला होता. बिल साडेचार लाखांचं. त्यांना खात्री होती की डॉक्टरांनी मारलं. दोन डॉक्टरांनी सगळे कागद वाचले, प्लेटलेटचे आकडे तासागणिक पाहिले आणि सांगितलं, उपचारात चूक नाही, पोरगा उशिरा आणला गेला. हे त्यांना मला सांगावं लागलं. गावात चार दिवस काढले होते ते याच बापाने. मी "उशिरा" हा शब्द वापरला नाही. एवढंच म्हटलं की डॉक्टरांनी करायचं ते केलं होतं, केस उभी राहणार नाही. बिलात मात्र एका औषधाच्या बाटल्या दोनदा लावल्या होत्या, ते पैसे दवाखान्याने नुसत्या पत्रावर परत केले. ते पैसे घेताना त्यांनी मोजले नाहीत. मुलगा गेलेल्या बापाला "नाही" म्हणणं हा या कामाचा भाग आहे, आणि तो कुठल्याही पुस्तकात शिकवत नाहीत. पण खोट्या आशेवर पाच वर्षं नागपूरच्या खेपा घालायला लावणं जास्त वाईट.

दबावाचं विचारलं नाहीत, तरी सांगते. धमकीचे फोन फार कमी आले. आमिषं जास्त आली. एका दिवाळीत एका प्लॉटवाल्याचा माणूस मिठाईचा डबा ठेवून गेला, काजूकतलीच्या खाली पाकीट होतं. मी पोस्टातली बाई. दुसऱ्या दिवशी रक्कम जशीच्या तशी विम्याच्या पाकिटातून त्याच्या कार्यालयाच्या पत्त्यावर परत पाठवली. ती पोचपावती आजही फाइलीत आहे. तडजोडीचा प्रस्ताव आला तर तो तुमच्यापुरता ठेवू नका, त्याच दिवशी ग्राहकाला सांगा. हो की नाही ते त्याने ठरवायचं. पाच वर्षांनी मिळणाऱ्या पूर्ण रकमेपेक्षा आज मिळणारी पाऊण रक्कम एखाद्याला हवी असेल, तर तो त्याचा हक्क आहे. नव्या कायद्यात तर मध्यस्थीची रीतसर सोयच आहे.

एलएलबीबद्दल: केलीत तर फायदाच, पण सुरुवात करायला गरज नाही. गरज आहे ती कुठलं दार कुणाचं हे ओळखण्याची. विजेच्या वाढीव बिलाला आधी वितरण कंपनीचा तक्रार कक्ष, मग ग्राहक गाऱ्हाणे मंच, मग विद्युत लोकपाल, ज्याचं एक कार्यालय नागपुरातच आहे. वीजचोरीचा किंवा अनधिकृत वापराचा आकार लावला असेल तर ग्राहक आयोगात जाऊन उपयोग नाही, २०१३ सालापासून ते दार बंद आहे. बँकेशी वाद असेल तर आधी बँकेला लेखी तक्रार, ३० दिवस वाट पाहा, मग रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, फुकट. पाकिटावरच्या किमतीपेक्षा जास्त घेतले किंवा वजन कमी भरलं तर वैधमापन शास्त्र. साध्यासुध्या तक्रारी १९१५ या हेल्पलाइनवरही मिटतात. हे सगळं करून उरेल ते आयोगात. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोग, ज्याचं खंडपीठ नागपुरात बसतं. पाच लाखांपर्यंत तक्रारीला शुल्क नाही. विकणारा कुठल्याही शहरातला असो, ग्राहक राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार करता येते, ही २०१९च्या कायद्याने दिलेली मोठी गोष्ट आहे. समोरच्याला उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापलीकडे एकही दिवस वाढवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये सांगितलं. ही तारीखसुद्धा वहीत लिहून ठेवायची. तीन महिन्यांत निकाल असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्षं जातात, ग्राहकाला पहिल्याच दिवशी खरं सांगा.

एक वर्ष एखाद्या जुन्या ग्राहक संस्थेत नुसतं बसा. सतरंजी घाला, झेरॉक्स काढा, अर्ज वाचा. सिव्हिल लाइन्सला आयोगात जाऊन आपली केस नसतानाही मागच्या बाकावर बसा आणि ऐका. महिन्यातून एकदा स्पीड पोस्टाच्या रांगेत स्वतः उभं राहून नोटीस टाका. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे, पण पोचपावती मागायची सवय सोडू नका.

आणि सुरुवात आजच करता येईल. तुमच्या फ्रिजची फाइल काढा. बिलाच्या तारखेपासून पैसे खात्यात जमा झाले त्या तारखेपर्यंत एका कागदावर उभी रेघ मारून सगळं लिहा, प्रत्येक ओळीसमोर पुरावा लिहा, जिथे नव्हता तिथे पेन्सिलीने गोल करा. तुमची केस तुम्ही जिंकलात, तरी त्यात चार-पाच गोल निघतील. तो कागद घेऊन तुमच्या जवळच्या ग्राहक संस्थेत जा आणि तिथल्या जुन्या माणसाला विचारा, हे गोल माझ्याकडून का राहिले.